पगार भागिले भाडे

अमेरिकेत दर वर्षी कुणी ना कुणी एक तक्ता प्रसिद्ध करते आणि त्यावरून तोच वाद नव्याने पेटतो: कृष्णवर्णीय मध्यमवर्गीय कुटुंबाने राहावे कोणत्या शहरात? तक्त्याची रीत ठरलेली आहे. शहरातील कृष्णवर्णीय कुटुंबांचे मध्यक उत्पन्न (निम्मी कुटुंबे ज्याच्या वर आणि निम्मी खाली असतात तो आकडा) घ्यायचे, त्याला त्या शहराच्या राहणीखर्चाच्या निर्देशांकाने भागायचे आणि उत्तर येईल त्याप्रमाणे शहरे वरून खाली मांडायची. अटलांटा, ह्यूस्टन, डॅलस अशी दक्षिणेकडची शहरे बहुधा वर येतात, सॅन फ्रान्सिस्को आणि लॉस एंजेलिस तळाशी जातात. मग एक पक्ष म्हणतो की उत्तरेत आणि किनाऱ्यावर राहण्याचा हट्ट आता सोडावा, आजोबांनी जी दक्षिण सोडली तीच आज नातवंडांना परवडते. दुसरा पक्ष म्हणतो की स्वस्त गाव हे संधी नसलेले गाव असते, आणि पगाराचा मोठा आकडाच शेवटी कामाला येतो. न्यू जर्सीतील एडिसनमधले दोन बेडरूमचे घर विकून डॅलसच्या उपनगरात पाच बेडरूमचा बंगला घेणाऱ्या आपल्या मराठी मंडळींनाही हा संवाद ओळखीचा वाटेल. पण त्यांच्या हिशेबातून जी एक गोष्ट, म्हणजे वंशभेद, आपोआप गळून पडते, तीच इथे मुख्य आहे. माझे म्हणणे असे की हे दोन्ही पक्ष एकाच भागाकाराच्या उत्तरावरून भांडत आहेत आणि तो भागाकार मुळातच गैरलागू आहे. त्यातला अंश आणि छेद दोन्ही वंशभेदाच्या इतिहासाने घडवलेले आहेत. त्यामुळे एकाला दुसऱ्याने भागले की तो इतिहासच तेवढा उत्तरातून नाहीसा होतो आणि उरलेला आकडा निरागस दिसू लागतो.

या तक्त्यांना आधी त्यांचे श्रेय देऊ. राहणीखर्चातील तफावत खरी आहे आणि ती मोठी आहे. २०१८ मध्ये अमेरिकेच्या गृहनिर्माण खात्याच्या निकषांनुसार सॅन फ्रान्सिस्को परिसरात वर्षाला १,१७,४०० डॉलर मिळवणारे चौघांचे कुटुंब ‘अल्प उत्पन्न’ गटात मोडत होते. इतर बहुतेक राज्यांत एवढ्या पगारावर अंगण, गॅरेज आणि मुलांच्या कॉलेजसाठी थोडी शिल्लकही जमते. देशाची सरासरी १०० मानून एका शहराचा निर्देशांक ११८ आणि दुसऱ्याचा ९० आहे असे धरले, तर एक लाखाचा पगार पहिल्या ठिकाणी सुमारे ८४,७०० चा आणि दुसऱ्या ठिकाणी १,११,००० चा होतो. वर्षाला सव्वीस हजार डॉलरचा हा फरक कोणत्याही तात्त्विक चर्चेने भरून निघत नाही. शिवाय लोक मूर्ख नाहीत. १९१० ते १९७० या काळात सुमारे साठ लाख कृष्णवर्णीय दक्षिण सोडून शिकागो, डेट्रॉइट, न्यूयॉर्क, ओकलंड येथे गेले. सत्तरच्या दशकापासून प्रवाह उलटा फिरला. शिकागो शहरातील कृष्णवर्णीयांची संख्या १९८० मध्ये बारा लाखांच्या घरात होती, ती २०२० मध्ये आठ लाखांच्याही खाली आली. अटलांटाचा महानगर परिसर मात्र या बाबतीत न्यूयॉर्कच्या खालोखाल येऊन बसला. लाखो कुटुंबांनी आपापल्या घरच्या वहीत मांडलेला हिशेब चुकीचा ठरवण्याचा अधिकार मला नाही. आक्षेप आहे तो त्या वहीतील एक ओळ उचलून तिलाच अख्खी वही म्हणण्यावर.

सुरुवात ‘मध्यमवर्ग’ या शब्दापासूनच करू. प्यू संशोधन केंद्राची रूढ व्याख्या अशी की देशाच्या मध्यक उत्पन्नाच्या दोन तृतीयांशापासून दुपटीपर्यंत ज्यांचे उत्पन्न आहे ते मध्यम उत्पन्नाचे. २०२३ मध्ये देशातील कुटुंबांचे मध्यक उत्पन्न ८०,६१० डॉलर होते. घरातील माणसांची संख्या आणि गावाची महागाई तूर्त बाजूला ठेवली, तर मध्यमवर्गाचा उंबरठा ५३,७४० डॉलरवर येतो. त्याच वर्षी कृष्णवर्णीय कुटुंबांचे मध्यक उत्पन्न होते ५६,४९०. हिस्पॅनिकेतर गोऱ्या कुटुंबांचे ८९,०५०. म्हणजे अगदी मधोमध उभे असलेले कृष्णवर्णीय कुटुंब मध्यमवर्गाच्या उंबरठ्याच्या आत आहे ते जेमतेम पावणेतीन हजार डॉलरनी. एखादी मोठी गाडीदुरुस्ती आणि पोटाचे एक दुखणे यांत संपेल इतकी ती रक्कम आहे. गोरे मध्यक कुटुंब त्या पट्ट्यात चांगले आत, ऐसपैस बसलेले आहे. एकच शब्द दोघांना लावला की दोघांच्या पायाखालची जमीन सारखीच असल्याचा भास होतो, आणि शहरांच्या तुलनेचे सगळे तक्ते या भासावर उभे आहेत.

आता अंशाकडे, म्हणजे उत्पन्नाच्या आकड्याकडे पाहू. मध्यक हा मोजणीच्या दिवशी जे गावात आहेत त्यांचाच असतो. जे निघून गेले ते त्यात नसतात. सॅन फ्रान्सिस्कोच्या फिलमोर भागाची कथा या दृष्टीने बघण्यासारखी आहे. १९४२ मध्ये तेथील जपानी वंशाच्या रहिवाशांना सरकारने छावण्यांत हलवले आणि रिकाम्या झालेल्या घरांत युद्धकाळातील गोद्यांमध्ये काम करणारी कृष्णवर्णीय कुटुंबे आली. एका अन्यायाने मोकळी केलेली जागा दुसऱ्या पीडितांना मिळाली आणि पुढे तीही टिकली नाही. पन्नासच्या दशकापासून ‘नागरी नूतनीकरणा’च्या नावाखाली त्या वस्तीवर बुलडोझर फिरले, हजारो कुटुंबे उठवली गेली, परत येण्याची प्रमाणपत्रे त्यांच्या हाती देण्यात आली आणि बहुतेकांना ती कधी वापरता आली नाहीत. १९७० मध्ये शहराच्या लोकसंख्येत १३ टक्क्यांहून अधिक असलेला कृष्णवर्णीय समाज आज पाच-सहा टक्क्यांवर आला आहे. ज्यांच्याकडे थोडे पैसे होते, ज्यांची नोकरी दुसरीकडे जुळू शकत होती, ते ओकलंड, व्हालेहो, अँटिऑक, सॅक्रामेंटो असे दूर दूर सरकत गेले. मागे राहिलेल्यांत सरकारी घरकुलांतील रहिवाशांचे प्रमाण साहजिकच वाढले. आज तक्ता म्हणतो की या शहरात कृष्णवर्णीयांचे उत्पन्न फार कमी आहे. खरी गोष्ट ही की त्या शहराने आपला कृष्णवर्णीय मध्यमवर्ग बाहेर काढला आणि उरलेल्यांचा मध्यक काढला. याला शहराची कामगिरी म्हणायचे की शहराचा गुन्हा?

याच्या अगदी उलट टोकाला न्यूयॉर्कचे क्वीन्स. २००५ च्या जनगणना खात्याच्या आकड्यांत तेथे कृष्णवर्णीय कुटुंबांचे मध्यक उत्पन्न गोऱ्या कुटुंबांपेक्षा जास्त निघाले आणि त्याची मोठी बातमी झाली. कारण शोधू जाता कॅरिबियन बेटांवरून आलेली, नवरा-बायको दोघेही कमावणारी, रुग्णालयांत आणि शहराच्या नोकऱ्यांत असलेली कुटुंबे त्या आकड्यामागे होती; आणि उरलेल्या गोऱ्यांत वृद्ध, एकेकट्या पेन्शनरांचा भरणा होता, कारण तरुण गोरी कुटुंबे उपनगरांत निघून गेली होती. मिनियापोलिसला तक्त्यात नेहमी शिव्या बसतात, आणि तेथील गोऱ्या-काळ्यांमधील घरमालकीची दरी लाजिरवाणी आहेच. पण तेथील कृष्णवर्णीयांत नव्वदच्या दशकापासून आलेल्या सोमाली निर्वासितांचा मोठा वाटा आहे हे त्या एका आकड्यात कुठे दिसते? किंग्स्टनहून आलेली परिचारिका, मोगादिशूहून जीव वाचवून आलेले कुटुंब आणि मिसिसिपीतून १९४३ मध्ये निघालेल्या गोदी कामगाराची नात या तिघांना एका रकान्यात टाकून काढलेला मध्यक शहराविषयी फारच थोडे सांगतो. त्या शहरात कोण कोणत्या दाराने आले आणि कोणत्या दाराने गेले, हे मात्र तो पुरते झाकतो.

छेदाची, म्हणजे खर्चाच्या आकड्याची गोष्ट याहून गंभीर आहे. निर्देशांकाचे गृहीतक असे की बाजारात गेलेल्या प्रत्येकाला तोच भाव लागतो. हे गृहीतक खोटे असल्याचे सव्वाशे वर्षांपूर्वी दारोदार हिंडून दाखवून देण्यात आले होते. १८९६-९७ मध्ये कृष्णवर्णीय समाजशास्त्रज्ञ डब्ल्यू. ई. बी. डु बॉइस (१९४६ मध्ये डॉ. आंबेडकरांनी ज्यांना पत्र लिहून कृष्णवर्णीयांतर्फे संयुक्त राष्ट्रांकडे केलेल्या अर्जाची प्रत मागितली, तेच) यांनी फिलाडेल्फियाच्या सातव्या वॉर्डातील घरोघरी जाऊन मिळकत आणि भाडे यांची नोंद केली. १८९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अहवालात असे आढळते की कृष्णवर्णीयांना वाईट घरासाठी जास्त भाडे मोजावे लागत होते, कारण दुसरीकडे घर मिळत नव्हते आणि कामाच्या जागेपासून लांब जाणे शक्य नव्हते. अनेक कुटुंबांच्या मिळकतीचा पाव ते पाऊण हिस्सा भाड्यातच जात असे आणि मग खोल्या पोटभाड्याने देऊन ती भर काढली जाई. ‘शहराचा सरासरी भाव’ आणि ‘या माणसाला लागलेला भाव’ यांतील अंतर त्या पाहणीने उघड केले होते.

हे अंतर नंतर मिटले असे कुणी म्हणेल तर त्याने शिकागोकडे पाहावे. पन्नास-साठच्या दशकांत बँका कृष्णवर्णीय वस्त्यांना गृहकर्ज देत नसत, कारण सरकारी विमा योजनेच्या नकाशांवर त्या वस्त्या धोकादायक म्हणून रंगवलेल्या होत्या. तेव्हा सट्टेबाज मध्यस्थ गोऱ्यांना ‘कृष्णवर्णीय शेजारी येणार’ अशी भीती घालून त्यांची घरे स्वस्तात घेत आणि कितीतरी चढ्या भावाने कृष्णवर्णीयांना ‘करारावर’ विकत. शेवटचा हप्ता फिटेपर्यंत घर विकणाऱ्याच्याच नावावर. एक हप्ता चुकला की घरही गेले आणि भरलेले पैसेही गेले. १९६८ मध्ये लॉनडेल भागातील अशा खरेदीदारांनी संघटना उभारून हप्ते रोखले, तेव्हा हा प्रकार देशाच्या नजरेस आला. त्या वेळचा एखादा राहणीखर्चाचा तक्ता आज काढून पाहिला तर शिकागोतील घराचा सरासरी भाव त्यात मिळेल, आणि लॉनडेलमधील कुटुंबाने त्या सरासरीवर चढवून भरलेला पैसा त्यात कुठेही सापडणार नाही.

आजचे डेट्रॉइट घ्या. तेथे घरे स्वस्त आहेत हे तक्ता बरोबर सांगतो. पण मोटारविम्याचे हप्ते देशात सर्वांत चढे असणाऱ्या शहरांत डेट्रॉइटचे नाव वर्षानुवर्षे पुढे राहिले आहे. शिवाय २००८ च्या मंदीनंतर घरांच्या किमती कोसळल्या तरी महापालिकेने करमूल्ये त्या प्रमाणात खाली आणली नाहीत. शहरभराचे फेरमूल्यांकन २०१७ मध्ये पुरे झाले, तेही साठाहून अधिक वर्षांनंतर. दरम्यान करथकबाकीपोटी हजारो घरे जप्त होऊन लिलावात गेली. ज्या घराची बाजारात काही हजार डॉलर किंमत, त्यावर कर मात्र जुन्या वैभवाच्या हिशेबाने. अशा ‘स्वस्त’ शहरात ज्याचे घर गेले त्याला निर्देशांक काय सांगणार?

शिवाय स्वस्ताई भाडेकऱ्यासाठी सोय असते, घरमालकासाठी ती नुकसानही असू शकते. ब्रूकिंग्ज संस्थेच्या २०१८ मधील अभ्यासाने दाखवले की घराची रचना आणि परिसरातील सोयी यांचा फरक वजा केल्यावरही कृष्णवर्णीय बहुसंख्य वस्त्यांतील घरांची किंमत सुमारे २३ टक्क्यांनी कमी लागते. घरामागे साधारण ४८,००० डॉलरचा तोटा. खर्चाचा निर्देशांक हीच रक्कम बचतीच्या बाजूला मांडतो. एक काल्पनिक हिशेब करून पाहू. तीन लाख डॉलरची दोन घरे. एकाची किंमत दर साल दोन टक्क्यांनी वाढते, दुसऱ्याची चार टक्क्यांनी. वीस वर्षांनी एक साडेचार लाखांच्या अलीकडे थांबते आणि दुसरे साडेसहा लाख ओलांडते. हा दोन लाखांवरचा फरक वर्षाला दहा हजार डॉलरहून अधिक भरतो. मुलीच्या कॉलेजचा खर्च, आजारपणातला आधार, धाकट्याच्या पहिल्या घराचे डाउन पेमेंट हे सारे ज्या पैशातून होते तो हा पैसा आहे, आणि ‘परवडणाऱ्या शहरां’च्या यादीत त्याला रकानाच नाही.

यावर सर्वांत बळकट आक्षेप असा येतो: संपत्तीच्या गप्पा ठीक आहेत, पण पुढच्या एक तारखेला भाडे पगारातूनच द्यावे लागते, ज्याच्या हातात दोन शहरांतील दोन नोकऱ्यांची पत्रे आहेत त्याने उत्पन्न आणि खर्च सोडून आणखी कशाची तुलना करायची? आक्षेप खरा आहे. एका कुटुंबाच्या एका निर्णयासाठी, पुढच्या दोन-तीन वर्षांच्या हिशेबासाठी हा भागाकार चालतो. पण तक्ते तेवढ्यावर थांबत नाहीत. ते शहरांना गुण देतात, ‘येथे कृष्णवर्णीय मध्यमवर्ग भरभराटीला आला’ असा निर्वाळा देतात, आणि महापौर तो निर्वाळा भाषणात वापरतात. मध्यमवर्गीयपणाची माझी कसोटी वेगळी आहे. सहा महिने पगार थांबला तर घर टिकते का? मध्यवर्ती बँकेच्या २०२२ च्या पाहणीत गोऱ्या कुटुंबांची मध्यक निव्वळ मालमत्ता २,८५,००० डॉलर होती आणि कृष्णवर्णीय कुटुंबांची ४४,९००. उत्पन्नातील दरी दीड पटीची, मालमत्तेतील सहा पटींची. सारख्या पगाराच्या दोन कुटुंबांना सारखे मानणारा तक्ता नेमकी ही दुसरी दरी पाहायची विसरतो, आणि मंदी आली की घरे याच दरीत पडतात.

मेरिलंड राज्यातील प्रिन्स जॉर्जेस काउंटीचा (काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखा विभाग) अनुभव याची साक्ष देतो. वॉशिंग्टनला लागून असलेली ही काउंटी दीर्घकाळ देशातील सर्वांत सुस्थितीतील कृष्णवर्णीय बहुसंख्य काउंटी म्हणून ओळखली गेली. पुढे तो मान शेजारच्या चार्ल्स काउंटीकडे गेला. उत्पन्नाच्या कोणत्याही तक्त्यात ती चमकते. पण २००७ नंतर गृहकर्जे बुडू लागली तेव्हा मेरिलंडमध्ये जप्तीचा सर्वाधिक तडाखा याच काउंटीला बसला. चांगला पगार आणि चांगली पत असूनही महागडी सबप्राइम (कमी पतीच्या लोकांसाठीची, चढ्या व्याजाची) कर्जे गळ्यात मारली गेलेली कुटुंबे त्यात होती. डिसेंबर २०११ मध्ये कंट्रीवाइड या कर्जकंपनीच्या प्रकरणात अमेरिकेच्या न्यायखात्याने ३३.५ कोटी डॉलरची तडजोड केली. दोन लाखांहून अधिक कृष्णवर्णीय आणि हिस्पॅनिक कर्जदारांकडून सारख्याच पात्रतेच्या गोऱ्यांपेक्षा जास्त वसूल केल्याचा आरोप त्यात होता. पगाराचा आकडा शाबूत असताना घर गेले, असे ते प्रकरण होते.

आणि पगार तरी कोण देते? तक्त्यांत या प्रश्नाला जागाच नाही, आणि मला तो सर्वांत महत्त्वाचा वाटतो. वॉशिंग्टन परिसरातील कृष्णवर्णीय मध्यमवर्ग संघराज्य सरकारच्या नोकऱ्यांवर उभा राहिला. खासगी मालकाच्या मर्जीपेक्षा स्पर्धा परीक्षा आणि ठरलेली वेतनश्रेणी भरवशाची होती, म्हणून अलीकडेपर्यंत संघराज्य नोकरवर्गात सुमारे १८ टक्के कृष्णवर्णीय होते. लोकसंख्येतील वाट्यापेक्षा जास्त. पण सरकार बदलले की हा भरवसा हलतो, हे त्या शहराने आधीच एकदा पाहिले होते. १९१३ मध्ये वुड्रो विल्सन अध्यक्ष झाले, तिजोरी खात्यात आणि टपाल खात्यात काळ्या-गोऱ्या कारकुनांच्या बसण्याच्या जागा वेगळ्या करण्यात आल्या आणि १९१४ पासून नोकरीच्या अर्जासोबत छायाचित्र मागितले जाऊ लागले. कृष्णवर्णीयांच्या हॉवर्ड विद्यापीठाभोवतीच्या वस्तीत घरे बांधलेल्या कारकुनांची बढतीची वाट त्यामुळे बंद झाली. १९१२ मध्ये कुणी शहरांची क्रमवारी लावली असती तर वॉशिंग्टनचा क्रमांक बहुधा पहिला आला असता. २०२५ मध्ये संघराज्य सरकारने मोठी नोकरकपात केली आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये देशातील कृष्णवर्णीयांचा बेरोजगारीचा दर ७.५ टक्क्यांवर गेला, तेव्हा एकूण दर ४.३ टक्के होता. या दोहोंचा सगळा संबंध एकाच कारणाला जोडणे घाईचे होईल. पण प्रिन्स जॉर्जेसमधील ज्या घरात नवरा-बायको दोघेही सरकारी नोकर आहेत, त्या घराचे राहणीखर्चाच्या तक्त्यातील स्थान त्या वर्षी काडीइतकेही बदलले नसेल.

अटलांटाचे कौतुक मात्र मी मनापासून करतो, आणि ते स्वस्ताईसाठी नाही. १९७३ मध्ये मेनार्ड जॅक्सन महापौर म्हणून निवडून आले. दक्षिणेतील मोठ्या शहराचे ते पहिले कृष्णवर्णीय महापौर. विमानतळाच्या विस्ताराचे काम निघाले तेव्हा कंत्राटांचा चौथा हिस्सा अल्पसंख्याक व्यावसायिकांना मिळाल्याशिवाय काम पुढे सरकणार नाही अशी भूमिका त्यांनी घेतली आणि शहरातील बड्या व्यापाऱ्यांचा रोष पत्करून ती टिकवली. १९८० मध्ये नवे टर्मिनल उघडले तेव्हा कंत्राटदार, वास्तुविशारद, दुकानचालक, वकील असा एक थर तयार झाला होता. मोरहाउस आणि स्पेलमनसारखी कृष्णवर्णीयांची कॉलेजे, ऑबर्न अव्हेन्यूवरच्या त्यांच्याच जुन्या विमा कंपन्या आणि बँका यांचा पाया आधीपासून होताच. राजकीय निर्णयाने उत्पन्नाचे साधन तयार होते याचे हे उदाहरण आहे, आणि ‘घरे स्वस्त म्हणून मध्यमवर्ग आला’ या समजुतीला ते छेद देते.

पण त्याच अटलांटाने खर्चाची बाजू कशी घडवली तेही पाहा. १९७१ मध्ये मार्टा या सार्वजनिक वाहतूक योजनेवर मतदान झाले. फुल्टन आणि डीकाल्ब काउंट्यांनी होकार दिला, क्लेटन आणि ग्विनेट यांनी नकार दिला आणि कॉब काउंटीने तर १९६५ मध्येच अंग काढून घेतले होते. मार्टाची रेल्वे आपल्या दारी आली तर कोण कोण आपल्या दारी येईल, ही तेव्हाच्या गोऱ्या उपनगरांची भीती सर्वांना ठाऊक होती. पुढे क्लेटन काउंटी कृष्णवर्णीय बहुसंख्य झाली. २०१० मध्ये पैशाअभावी तेथील स्वतंत्र बससेवाही बंद पडली आणि जवळजवळ पाच वर्षे, जगातील सर्वांत गजबजलेल्या विमानतळाच्या शेजारी राहूनही, त्या काउंटीत एक स्थानिक बस नव्हती. २०१४ मध्ये लोकांनी स्वतःवर विक्रीकराचा वाढीव सेंट लादून घेऊन मार्टात प्रवेश मिळवला. घरातील प्रत्येक कमावत्या माणसामागे एक गाडी, तिचे कर्ज, विमा, पेट्रोल: हा खर्च कुणाच्या तरी पूर्वीच्या मताचे बिल आहे, आणि ते मत देणारे बहुतेक लोक केव्हाच आणखी उत्तरेकडे सरकले आहेत.

शेवटी मुलांचा मुद्दा, कारण दक्षिणेकडे जाणारे बहुतेक जण ‘मुलांसाठी’ म्हणूनच जातात. २०१४ मध्ये अर्थतज्ज्ञ राज चेट्टी आणि सहकाऱ्यांनी देशातील पन्नास मोठ्या महानगरांचा अभ्यास मांडला. तळच्या पंचमांश उत्पन्नगटात वाढलेले मूल वरच्या पंचमांशात पोहोचण्याचे प्रमाण कॅलिफोर्नियातील सॅन होजेत १२.९ टक्के होते आणि दक्षिणेतील शार्लटमध्ये ४.४ टक्के, म्हणजे यादीत शेवटचे. परवडणाऱ्या शहरांच्या यादीत वर असणारे शार्लट चढण्याच्या यादीत तळाला, आणि न परवडणारे सॅन होजे शिखरावर. किनाऱ्याच्या पक्षाने मात्र इतक्यात टाळ्या वाजवू नयेत. ते आकडे सर्व वंशांच्या मुलांचे आहेत आणि ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला जन्मलेल्या पिढीचे आहेत. त्या वेळी सॅन होजेत ज्या घरांत ती मुले वाढली त्या घरांचे भाडे आज त्यांच्या आईबापांना देता आले नसते. त्याच गटाच्या २०१८ मधील संशोधनाने आणखी एक अडचणीची गोष्ट पुढे आणली. सारख्या उत्पन्नाच्या घरांत वाढलेल्या कृष्णवर्णीय आणि गोऱ्या मुलग्यांत पुढे उत्पन्नाची दरी पडते, आणि ती देशातील जवळजवळ प्रत्येक वस्तीत पडते, श्रीमंत वस्त्यांतही. मुलींच्या वैयक्तिक कमाईत मात्र तसे आढळत नाही. दोन नोकऱ्यांची पत्रे हातात घेऊन बसलेल्या त्या कुटुंबाला एक मुलगा आणि एक मुलगी असेल, तर एकाच घराचे, एकाच शहराचे मोल त्या दोघांसाठी वेगवेगळे निघते. आणि तक्त्यात त्या शहरासमोर आकडा एकच छापलेला असतो.